यादीत नसलेली गाणी

(1995 सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी ओळख करून देताना आत्ता बरंच काही सांगितलं गेलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात असते, परदेशात राहून आले, हे सगळं खरं आहे. पण या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझी खरी ओळख माहीत आहे. भुलाबाईच्या गाण्यात सूर सोडून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी, आणि खिरापत ओळखायच्या वेळी डब्याला नाक लावणारी, ती मी. संगीताच्या बाई समोरच बसल्या आहेत. त्यांनी मला आठवीत सांगितलं होतं, "तू टाळ्या वाजव, गाऊ नकोस." बाई, मी तो सल्ला आजपर्यंत पाळला आहे.

आयोजकांची इच्छा होती की मी आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलावं. मी म्हटलं, त्यावर व्हॉट्सॲपवर रोज तीन व्याख्यानं येतात, माझं चौथं नको. मी आज एका संगीतकाराविषयी बोलणार आहे. बाई, घाबरू नका, गाणार नाही.

या संगीतकाराचं नाव आंतोनिन द्वोर्झाक. बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. गावातल्या खाटिकाचा मुलगा. 1892 साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये जेनेट थर्बर नावाच्या बाईंनी एक संगीत विद्यालय काढलं होतं, तिथे संचालक म्हणून त्याला बोलावलं होतं. पगार वर्षाला 15,000 डॉलर. प्रागमध्ये त्याला जे मिळत होतं त्याच्या कितीतरी पट. आता आपल्यातले जे जे ऑनसाइट जाऊन आले आहेत, त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. घरात आधी नको-हो चाललं, मग बायकोने हिशेब मांडला, आणि करारावर सही झाली. सहा मुलांपैकी दोन बरोबर घेतली आणि चार मागे ठेवली.

कामाची यादीही तयार होती. त्याच वर्षी कोलंबसच्या प्रवासाला चारशे वर्षं होत होती, म्हणून अमेरिकेच्या झेंड्यावरच्या एका कवितेला चाल लावून मोठी रचना करायची. कविता पाठवायला इतका उशीर झाला की द्वोर्झाकने तोवर दुसरंच एक स्तोत्र रचून पहिला कार्यक्रम भागवला. झेंड्याची रचना नंतर पुरी केली खरी, पण तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो अमेरिका सोडून गेला होता. यादीतली दुसरी गोष्ट एक ऑपेरा. लाँगफेलो या कवीचं 'हायावाथा' हे मूळ अमेरिकन रहिवाशांच्या नायकावरचं काव्य आहे, त्यावर ऑपेरा करायचा ही थर्बरबाईंची फार इच्छा. द्वोर्झाकने ते काव्य तरुणपणी चेक भाषांतरात वाचलं होतं, त्याने मनावर घेतलं, टिपणं केली. पण ऑपेऱ्याची संहिता काही जमली नाही. तो ऑपेरा झालाच नाही.

म्हणजे यादीतलं एक काम उशिरा झालं आणि एक झालं नाही. आमच्या कंपनीत अशा माणसाचं वर्षअखेरचं मूल्यमापन कसं झालं असतं ते मी सांगायला नको.

मग झालं काय? त्या विद्यालयात हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, डोळ्यांनी अंध. गावातले रस्त्यावरचे दिवे लावायचं काम ते करत, आणि लहानगा हॅरी त्यांच्याबरोबर फिरे. दिवे लावता लावता आजोबा शेतावरच्या गुलामांची गाणी म्हणत. ती गाणी नातवाच्या कानात होती. न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाक संध्याकाळी बर्लीला घरी बोलवायचा आणि ती गाणी पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. मधेच थांबवून विचारायचा, हा सूर असाच म्हणतात का? मे 1893 मध्ये त्याने तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर सांगितलं की या देशाचं पुढचं संगीत या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर उभं राहायला हवं. गोऱ्या पुढारलेल्या मंडळींना ते फारसं रुचलं नाही. आपल्याकडे एखाद्या पाहुण्याने येऊन सांगावं की तुमची खरी श्रीमंती तुमच्या मोलकरणीच्या तोंडी आहे, तसंच ते.

त्याच महिन्यात त्याची नववी सिम्फनी लिहून पुरी झाली. 'न्यू वर्ल्ड', नव्या जगाची सिम्फनी. तिचा दुसरा भाग इतका लोकांच्या तोंडी बसला की 1922 साली त्याच्याच एका विद्यार्थ्याने त्यावर घरी परतण्याचे शब्द लिहिले, आणि आता अनेकांना वाटतं की ते जुनं लोकगीतच आहे. त्या सिम्फनीच्या हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर त्याने 24 मे 1893 ही तारीख घातली आहे, देवाचे आभार मानले आहेत, आणि एक ओळ संगीताशी काहीही संबंध नसलेली लिहिली आहे. मागे ठेवलेली मुलं बोटीच्या प्रवासात साउथहॅम्प्टनला सुखरूप पोचली, तशी तार आली, अशी ती नोंद आहे. तारेची वेळसुद्धा मिनिटासकट लिहिली आहे. जगभर वाजणाऱ्या सिम्फनीच्या शेवटच्या पानावर!

हे सगळं मला कसं कळलं ते सांगते. मी काही पाश्चात्त्य संगीताची जाणकार नाही. 2010 साली मी अमेरिकेत आयोवा राज्यात दहा महिने ऑनसाइट होते. गाव सीडर रॅपिड्स. तिथे चेक लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या ऑफिसमधल्या एक वयस्क बाई चेक घराण्यातल्या होत्या. मी शनिवार-रविवार खोलीत बसून असते हे पाहून त्या जून महिन्यात मला गाडीत घालून उत्तरेला दोन तासांवरच्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात घेऊन गेल्या.

खेडं म्हणजे अगदी खेडं. आपल्या असोद्यापेक्षाही लहान. चहूकडे मका. आपल्याकडे रावेर-यावलला जशी नजर जाईल तिथे केळी, तसा तिथे मका आणि सोयाबीन. गावात एक जुनं चर्च, जवळून वाहणारी टर्की नावाची नदी, आणि एक दुमजली घर. खालच्या मजल्यावर बिली आडनावाच्या दोन शेतकरी भावांनी थंडीच्या दिवसांत बसून कोरलेली लाकडी घड्याळं ठेवली आहेत. आणि वरच्या मजल्यावर 1893 सालचा उन्हाळा द्वोर्झाकने काढला.

त्याचं असं झालं. त्याचा मदतनीस कोवार्झिक हा मूळ स्पिलव्हिलचा, त्याचे वडील तिथे शाळामास्तर. सगळं गाव चेक बोलणारं. सुट्टीत प्रागला जायचं की इथे, असा प्रश्न होता. त्याने चार मुलांनाच तिकडून बोलावून घेतलं आणि सगळं बिऱ्हाड रेल्वेने आयोवात नेलं. जाता जाता एक सांगते, या माणसाला रेल्वे इंजिनांचं वेड होतं. प्रागमध्ये असताना रोज स्टेशनवर जाऊन इंजिनं बघायचा. भुसावळची मंडळी मागे बसली आहेत, त्यांच्या गावी आला असता तर न्यूयॉर्कला गेलाच नसता.

स्पिलव्हिलला तो पोचला 5 जूनला. सकाळी नदीकाठी फिरून आला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी आपल्या भाषेत गप्पा मारल्या. तिथल्या एका लाल पक्ष्याने त्याला भंडावून सोडलं, तर त्या पक्ष्याचं ओरडणंच त्याने सुरांत पकडलं. 8 जूनला चार तंतुवाद्यांची एक रचना लिहायला बसला आणि 23 जूनला ती पुरी झाली. सोळा दिवस. तिला आज 'अमेरिकन' चौकडी म्हणतात. पहिल्यांदा ती वाजवली ती मास्तरांच्याच घरात, द्वोर्झाक स्वतः व्हायोलिनवर आणि कोवार्झिक कुटुंबातली मंडळी बाकीच्या वाद्यांवर. मग लगेच पाच वाद्यांची दुसरी रचना, तीही 1 ऑगस्टला पुरी झाली. यातलं काहीही थर्बरबाईंच्या यादीत नव्हतं.

त्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी मी उभी होते. त्या बाई मला सगळं समजावून सांगत होत्या. आणि मी मात्र माझ्या यादीचा विचार करत होते. कारण मीही यादी करूनच गेले होते. इंजिनिअर आहे ना!

माझी यादी तीन कलमांची. एक, कामाशी संबंधित एक परीक्षा द्यायची. दोन, पुण्यातल्या घराचं कर्ज निम्म्यावर आणायचं. तीन, आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या.

माझी आजी तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत घरी आलेल्या प्रत्येकाला ती कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला लावायची. तिचं माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्या बाजूचं. सासर जळगावचं. साठ वर्षं जळगावात काढली, पण बोलायची अहिराणीच. मी धुळ्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता, जणू तिचं माहेर मी परत मिळवलं. सुट्टीला मी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने एसटीत आदळत-आपटत घरी यायचे, आणि ती पहिला प्रश्न विचारायची, धुळ्यात पाऊस कसा आहे. परीक्षेचं मागाहून.

तिला ओव्या किती येत होत्या हे मी कधी मोजलं नाही. जातं माळ्यावर गेलं होतं, पण गहू निवडताना, शेंगा फोडताना, पापड लाटताना तिच्या तोंडी ओवी असायचीच. भावाच्या, माहेरच्या वाटेच्या, कानबाईच्या रोटांच्या, आखाजीच्या झोक्याच्या. काही ओव्यांत तिने स्वतःची माणसं घातली होती. माझ्या आजोबांना गिरणीत नोकरी लागली ती गोष्ट एका ओवीत होती. माझ्या आत्याचं लग्न मोडलं आणि पुन्हा जुळलं ते एकीत होतं. आमच्या घराची बखरच ती. आम्ही कुणी लिहून घेतली नाही, कारण ती रोज कानावर पडत होती. नळाला पाणी आहे तोवर हंडा कोण भरून ठेवतं?

आयोवात पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी साठ डॉलरचा एक छोटा डिजिटल रेकॉर्डर घेतला. खास आजीसाठी. ठरवलं, परत गेले की पंधरा दिवस रजा काढायची, जळगावला राहायचं, रोज दोन तास बसायचं, विषयवार फाइली करायच्या. फोल्डरची नावंसुद्धा मी लॅपटॉपवर करून ठेवली होती. माहेर, भाऊ, सासर, देव, पाऊस. पाच फोल्डर, पाचही रिकामे.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला मी जळगावला आईकडे ठेवून गेले होते. द्वोर्झाकच्या त्या शेवटच्या पानावरच्या तारेची गोष्ट मला स्पिलव्हिलला कळली तेव्हा मी खाली येऊन गाडीत बसले आणि बराच वेळ बोलले नाही. त्या बाईंना वाटलं, मला घड्याळं आवडली नाहीत.

माझी रविवारची सकाळ म्हणजे जळगावची रविवारची संध्याकाळ. तेव्हा स्काइपवर बोलणं व्हायचं. आजी स्क्रीनसमोर यायची, "कशी शे व माय?" एवढं विचारायची आणि उठून जायची. एकदा मी म्हटलं, आजी, एक ओवी म्हण ना. तर म्हणाली, "यंत्रले काय समजस?" मी हसले. म्हटलं, मी आल्यावर तुझ्या समोर बसून ऐकेन. त्या वेळी मी रेकॉर्डर पोस्टाने पाठवू शकले असते. माझा भाऊ तिथे होता, त्याच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंगची सोय होती. त्याला एक फोन केला असता तर त्याने केलं असतं. पण मला ते नीट करायचं होतं. माझ्या हाताने, माझ्या फोल्डरांत.

डिसेंबरमध्ये आजी गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता. फोन आला तेव्हा तिकडे दुपार होती, बाहेर गुडघाभर बर्फ होतं. मी निघाले असते तरी अंत्यदर्शन होणार नव्हतं. पण तेराव्याला पोचता आलं असतं. त्या आठवड्यात आमची नवी प्रणाली सुरू व्हायची होती. खरं सांगते, मला कुणी अडवलं नाही. उलट तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, जायचं आहे का. मीच नाही म्हटलं. आजी आता नाही, तर जाऊन काय करू, असं मी सगळ्यांना सांगितलं. प्रणाली वेळेवर सुरू झाली. मला एक प्रशस्तिपत्रही मिळालं. ते कुठे आहे मला ठाऊक नाही.

फेब्रुवारीत परत आले तेव्हा माझ्या यादीतली पहिली दोन कामं झाली होती.

मुलीने मला आठ दिवस जवळ येऊ दिलं नाही. माझ्या आईला सोडून माझ्याकडे झोपायला तयार नव्हती. एका दुपारी मी दाराआडून पाहिलं. ती बाहुली मांडीवर घेऊन बसली होती आणि काहीतरी म्हणत होती. अंग पुढे-मागे हलत होतं. आधी मला वाटलं, ती बाहुलीला झोपवते आहे. मग लक्षात आलं, झोपवताना आपण असं हलत नाही. ते दळताना हलणं होतं. या पोरीने आयुष्यात जातं फिरताना पाहिलेलं नव्हतं. आजीचं अंग साठ वर्षांच्या सवयीने ओवी म्हणताना तसं हलायचं, ते तिने उचललं होतं. दुसरी ओळ संपली की आजी घ्यायची तसा श्वाससुद्धा घेत होती.

मी धावत जाऊन बॅगेतून रेकॉर्डर आणला. तिला म्हटलं, पुन्हा म्हण. ती दीड ओवी म्हणाली. दुसरीचा शेवट तिला येत नव्हता, तिथे तिने आपल्याच मनाचे शब्द घातले आणि खुदकन हसली. माझ्या आजीच्या ओव्यांचं पहिलं रेकॉर्डिंग ते. आवाज आजीचा नाही, शब्द अर्धे चुकलेले, मागे कुकरची शिट्टी.

माझी लेक आज एकोणीस वर्षांची आहे. तिला ती ओवी आठवत नाही. मी ऐकवलं की म्हणते, "ही मी?"

मित्रांनो, आपण ज्या मातीत वाढलो तिथे ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. 1880 सालचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. म्हणजे द्वोर्झाक आयोवात बसून लिहीत होता त्याच सुमारास ही मुलगी जळगावच्या चौधरी वाड्यात सून म्हणून जातं ओढू लागली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता ती रचायची आणि म्हणायची. तिचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवून ठेवलं. 1951 साली त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. 1961 साली 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या आणि ती गाणी घराघरांत गेली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आणि हे सगळं उभं आहे ते दोन माणसांनी घरातल्या बाईचं बोलणं वेळेवर लिहून घेतलं यावर. जे त्यांच्या हातून निसटलं ते शेतातच राहिलं.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते गुरुजींनी भरभर लिहून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्याला वाचायला मिळतात. त्याच गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह केला. आणि त्याच धुळ्यात राजवाड्यांनी घरोघर फिरून, मिनतवाऱ्या करून जमवलेले जुने कागद आजही राजवाडे मंडळात जपलेले आहेत. मी धुळ्यात चार वर्षं शिकले. त्या इमारतीवरून आग्रा रोडला कितीदा गेले असेन! एकदाही आत गेले नाही. माझ्या अभ्यासक्रमात 'डेटा स्टोरेज' नावाचा विषय होता, तो मी वर्गात शिकत होते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. त्या कामात बर्नार्ड बेल नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते, ते संगणकाचे इंजिनिअर. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. म्हणजे माझ्या शिक्षणाचा हाही उपयोग होता.

परत आल्यावर मी जमेल तसं काम सुरू केलं. आईला अकरा ओव्या आठवल्या. साक्रीच्या बाजूला आजीची एक चुलत बहीण होती, नव्वदीची, तिने दोन दिवसांत एकवीस सांगितल्या. गल्लीतल्या काकूंनी, मामींनी भर घातली. आज माझ्याकडे एकशे चौदा ओव्या आहेत. पण आजोबांच्या नोकरीची ओवी मिळाली नाही. आत्याच्या लग्नाचीही नाही. त्या आजीच्या होत्या. खुद्द आत्याला फक्त शेवटचा शब्द आठवतो.

ते पाच फोल्डर मी पुसून टाकले. ओव्या तशा येतच नाहीत. पावसाची म्हणून सुरू झालेली ओवी भावावर जाते आणि देवावर संपते. आता मी फाइलला फक्त बाईचं नाव, तिचं माहेर आणि तारीख देते.

आता माझी विनंती, आणि मग मी बसते. आपली तुकडी आता पंचेचाळिशी ओलांडून पुढे आली आहे. म्हणजे आपल्या आया सत्तरीत आहेत, काहींच्या ऐंशीत. काहींच्या नाहीत, मला माहीत आहे. ज्यांच्या आहेत त्यांनी शाळेतून घरी गेल्यावर एवढं करा. फोन टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि आईला एखादं काम करू द्या. लसूण सोलू द्या, मेथी निवडू द्या. समोर बसवून "हं, म्हण" असं म्हटलं की बायका गप्प होतात. आधी तिला सांगा की आपण जपून ठेवणार आहोत, तिला नको असेल ते ठेवू नका. मधे दुरुस्ती करू नका. कुकर वाजला तर वाजू द्या. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि माहेर तिच्याच तोंडून बोलून घ्या. आणि ते व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका, फोन बदलला की जाईल. दोन ठिकाणी ठेवा. ओव्याच हव्यात असं नाही. भुलाबाईची गाणी, गिरणीतल्या संपाची गोष्ट, बियाणं कसं राखायचं, मांडे हातावर कसे करायचे, काहीही चालेल.

मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. ग्रंथालयातल्या एका संगणकावर हे सगळं जपून ठेवायला शाळेची हरकत नाही. प्रणाली मी करून देईन. या वेळी मला प्रशस्तिपत्र नको.

द्वोर्झाक 1895 साली परत गेला. अमेरिकेत आर्थिक मंदी आली होती, पगार थकत होता आणि घरची ओढ होती. 'हायावाथा'चा ऑपेरा राहिला तो राहिलाच. त्यासाठी त्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण ज्या संध्याकाळी बर्ली गात होता त्या संध्याकाळी तो ऐकत होता. मी ज्या रविवारी ऐकायला हवं होतं त्या रविवारी योजना आखत होते. एवढाच फरक, आणि तो भरून निघत नाही.

संगीताच्या बाई, तुम्ही आम्हाला बसवलेली भुलाबाईची बावीस गाणी होती. मैत्रिणींनी मघाशी मोजली तर सगळ्या मिळून सतराच आठवली. उरलेली पाच तुमच्याकडे आहेत. जेवणात वरण-बट्टी आहे, त्याला अजून अर्धा तास वेळ आहे. माझा रेकॉर्डर या टेबलावर ठेवला आहे, तोच तो, साठ डॉलरचा. तुम्ही म्हणा. मी टाळ्या वाजवते.